पांढऱ्या काविळीची गोळी भावाला लागू पडली, मला नाही, तर जीन्सची टेस्ट करावी का?

दादा, तुमचा प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसरं कुणी वाचत असेल तर त्यालाही कळेल. तुम्ही दोघं सख्खे भाऊ, राहणार कोल्हापूर, दोघांनाही हिपॅटायटिस बी, म्हणजे आपल्याकडं पांढरी कावीळ म्हणतात ती. आई लिव्हर सिरॉसिसनं गेली, तिलाही हेच होतं. थोरल्याचं वय ४१, ई अँटिजेन (व्हायरस बनवतो ते एक प्रोटीन) निगेटिव्ह, व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या व्हायरसचा आकडा ६० हजार होता, टेनोफोविर सुरू केलं आणि वर्षाच्या आत रिपोर्टवर ‘नॉट डिटेक्टेड’ आलं. तुमचं वय ३३, ई अँटिजेन पॉझिटिव्ह, एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का ते सांगणारी तपासणी) ९६, लोड १७ कोटी, एन्टेकॅविर ०.५ मिलिग्रॅम चालू आहे आणि १४ महिने झाले तरी लोड २,४०० दाखवतोय. त्यात कुणीतरी सांगितलं की औषध लागू पडत नाही म्हणजे तुमच्या जीन्समध्येच दोष आहे, २२ हजारांचं जीन पॅनल करून घ्या मग कुठलं औषध चालेल ते कळेल. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की हा दोष पोरीत पण उतरला असेल का.

उत्तर आधी सांगतो, कारण तुम्ही पैशाची जुळवाजुळव करताय असं लिहिलंय. ते पॅनल करू नका. त्यातून जे काही कळेल त्यानं तुमची गोळी बदलणार नाही, डोस बदलणार नाही, पुढची तारीख सुद्धा बदलणार नाही. आता हे असं का म्हणतोय ते नीट सांगतो, कारण नुसतं ‘डॉक्टर नको म्हणाले’ एवढ्यावर तुमचं समाधान व्हायचं नाही आणि होऊ पण नये.

पहिलं म्हणजे तुम्हाला औषध लागू पडलेलं नाही हेच मला मान्य नाही. आकडे बघा. १७ कोटीवरून २,४००, म्हणजे व्हायरस जवळजवळ सत्तर हजार पटीनं कमी झालाय, दर लाखामागं एक-दीड शिल्लक राहिलाय. आमच्या भाषेत ही जवळपास पाच लॉगची घट, एक लॉग म्हणजे दहा पट असं धरायचं. थोरल्याचा लोड ६० हजारावरून मशीनला दिसणार नाही इतका खाली गेला, मशीनला साधारण १०-२० च्या खालचं नीट मोजता येत नाही, म्हणजे त्याची मोजता येण्यासारखी घट साडेतीन लॉगच्या आसपास. मग सांगा, औषधानं कुणाच्या अंगात जास्त काम केलं? तुमच्याच. तो पायरीवरच उभा होता, तुम्ही पार डोंगरावरून निघालाय, म्हणून तो आधी पोचला.

आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून सांगत नाही. या गोळ्या बाजारात येताना ज्या मोठ्या ट्रायल झाल्या त्यात हेच चित्र होतं. एन्टेकॅविरमध्ये ४८ आठवड्यांनी लोड दिसेनासा झालेले पेशंट ई निगेटिव्ह गटात ९०% होते आणि ई पॉझिटिव्ह गटात ६७%. टेनोफोविरमध्ये ई निगेटिव्ह ९३%, ई पॉझिटिव्ह ७६%. म्हणजे वर्षभरात तुमच्यासारख्या ई पॉझिटिव्ह पेशंटपैकी चौघांत-तिघांत एकाचा लोड दिसत राहतोच, आणि त्यातही ज्यांची सुरुवात फार वरून झाली त्यांचा जास्त. एन्टेकॅविर पुढं चालूच ठेवलेल्या ई पॉझिटिव्ह पेशंटचा जो गट ५ वर्षं बघितला त्यात ९४% जणांचा लोड दिसेनासा झाला होता. त्या माणसांचे जीन्स मधल्या काळात काही बदलले नव्हते, त्यांनी गोळी सोडली नाही एवढंच.

आता जीन्सकडं येऊ. गोष्ट अशी आहे की या आजारात जीन्स दोघांचे असतात, एक तुमचे आणि एक व्हायरसचे. बाहेर जाहिरात होते ती तुमच्या जीन्सची, आणि उपचारात आम्ही जास्त बघतो ते व्हायरसचे.

तुमचे जीन्स कुठं कामाला येतात ते कळायला औषधं कशी चालतात ते बघावं लागेल. एन्टेकॅविर असो की टेनोफोविर, ही गोळी लिव्हरच्या पेशीत जाते आणि व्हायरसचं जे यंत्र त्याच्या डीएनएची नक्कल काढतं, त्या यंत्रातच जाऊन अडकते. थेट व्हायरसच्या मुंडीवर हात. तुमची प्रतिकारशक्ती कशी आहे हे तिला विचारावंच लागत नाही, म्हणून जपानी माणूस असो, पंजाबी असो की आपला करवीर तालुक्यातला असो, गोळी जवळपास सारखीच चालते. इंटरफेरॉनचं इंजेक्शन मात्र वेगळं आहे. ते व्हायरसला स्वतः फारसं काही करत नाही, ते तुमच्या प्रतिकारशक्तीला उठवतं आणि मग तिनं काम करायचं. तिथं तुमचे जीन्स मधे येतात, कारण प्रतिकारशक्ती कशी उठणार, किती जोरात उठणार, हे बऱ्यापैकी जन्मजात ठरलेलं असतं. म्हणजे ‘माझ्या जीन्समुळं उपचार चालला की नाही’ हा प्रश्न मुळात इंटरफेरॉनवाल्याचा आहे, गोळीवाल्याचा नाही, आणि तुम्ही गोळीवर आहात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हिपॅटायटिस सी चं. २००९ साली एक मोठा शोध लागला, १९ नंबरच्या क्रोमोसोमवर आयएल २८ बी नावाच्या जीनजवळ डीएनएच्या एका अक्षराचा फरक असतो, आणि तो कुठला आहे त्यावरून इंटरफेरॉन-रिबाविरिननं हिपॅटायटिस सी चा पहिल्या प्रकारचा व्हायरस जाणार की नाही याचा अंदाज लागायचा. चांगलं अक्षर असलेल्यांत बरं व्हायचं प्रमाण जवळपास दुप्पट. त्या काळात ती टेस्ट खरंच उपयोगाची होती, वर्षभर ताप-अंगदुखी काढायची का नाही हे ठरवायला पेशंटला आधार मिळायचा. मग सोफोसबुविर आलं, सी च्या व्हायरसवर थेट मारा करणाऱ्या गोळ्या आल्या, बारा आठवड्यांत शंभरातले पंच्याण्णव बरे व्हायला लागले आणि ती टेस्ट कुणी विचारेनासं झालं. औषध थेट व्हायरसवर चाललं की पेशंटच्या जीन्सचा फरक असा बुजून जातो.

मग हिपॅटायटिस बी मध्ये आयएल २८ बी चं काय? साहजिकच लोकांनी बघितलं. काही अभ्यासांत इंटरफेरॉन घेतलेल्या ई पॉझिटिव्ह पेशंटमध्ये संबंध सापडला, काहींत अजिबात सापडला नाही, आणि जे सापडलं ते सी इतकं ठळक कधीच नव्हतं. अजून एक जीन आहे स्टॅट ४ नावाचा, इंटरफेरॉनचा निरोप पेशीच्या आत पोचवायचं काम करणारा. चीनमधल्या पेशंटच्या अभ्यासात त्याच्या एका प्रकारात इंटरफेरॉननं ई अँटिजेन जाऊन अँटिबॉडी तयार व्हायचं प्रमाण साधारण २१% तर दुसऱ्या प्रकारात ३७% असं आलं. फरक खरा आहे, संशोधकाला महत्त्वाचाच आहे, पण माझ्यासमोर बसलेल्या एका माणसाला मी त्यावरून काय सांगू? कमी वाल्या गटातही पाचातला एक बरा होतोय आणि जास्त वाल्या गटातही तिघांतल्या दोघांना उपयोग नाही. अशा आकड्यावर कुणाचा उपचार नाकारता येत नाही आणि कुणाला शब्दही देता येत नाही.

तिसरी गोष्ट एचएलए ची, आणि ही मला खरोखर महत्त्वाची वाटते. एचएलए म्हणजे ६ नंबरच्या क्रोमोसोमवरचे जीन्स, व्हायरसचे तुकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींना धरून दाखवायचं काम यांचं. २००९ मध्येच जपानी संशोधकांनी दाखवलं की एचएलए-डीपी च्या प्रकारावरून हिपॅटायटिस बी कायमचा राहायची शक्यता कमी-जास्त होते, नंतर एचएलए-डीक्यू चंही तसंच निघालं. लस घेऊनही काहींच्यात अँटिबॉडी तयार होत नाही त्यातही एचएलए चा हात आहे, डीआरबी१ चे ०३ आणि ०७ हे प्रकार त्यासाठी ओळखीचे आहेत. आणि गंमत अशी की सख्ख्या भावांचं एचएलए सारखंच असतं असं नाही, पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, अर्धं जुळायची चारात दोन आणि काहीच न जुळायची चारात एक. म्हणजे तुम्ही दोघं भाऊ या बाबतीत एकमेकांना परके सुद्धा असू शकता. थोरल्याचं ई अँटिजेन आपोआप गेलं आणि तुमचं अजून आहे यात एचएलए चा थोडा वाटा असेलही, मी नाकारत नाही. पण त्याच्यात आणि तुमच्यात आठ वर्षांचं अंतर पण आहे, आणि जन्मापासून हा आजार असलेल्यांत ई अँटिजेन बऱ्याचदा विशी-तिशीत कधीतरी जातं, कुणाचं लवकर कुणाचं उशिरा. त्याचं तुमच्या वयात काय होतं ते बघितलंय का कुणी?

एक अजून सांगतो मग पेशंटचे जीन्स सोडतो. २०१२ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी शोधलं की हा व्हायरस लिव्हरच्या पेशीत शिरतो तो एनटीसीपी नावाच्या दारातून, जे मुळात पित्तातले क्षार आत घ्यायला असतं. पूर्व आशियातल्या काही लोकांत या दाराच्या जीनमध्ये एक बदल असतो आणि त्यांना हिपॅटायटिस बी कायमचा व्हायची शक्यता कमी असते. हे कळल्यामुळं ते दारच बंद करणारं औषध, बुलेव्हिर्टाइड, हिपॅटायटिस डी साठी वापरात आलं. जीन्सच्या अभ्यासाचा खरा फायदा असा होतो, नवीन औषधं कुठं शोधायची ते कळतं. म्हणून हे संशोधन चालू राहिलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. माझी तक्रार एवढीच की संशोधनातली टेस्ट उचलून शिरोलीच्या फाउंड्रीत राबणाऱ्या माणसाला महिन्याच्या पगाराएवढ्या भावात विकायची नाही.

आता व्हायरसच्या जीन्सकडं. हिपॅटायटिस बी चा व्हायरस म्हणजे फक्त ३,२०० अक्षरांचा डीएनए, पण नक्कल काढताना तो चुका करतो आणि त्या चुका तपासायची सोय त्याच्याकडं नाही. उपचार नसलेल्या माणसाच्या अंगात रोज दहा हजार कोटी ते लाख कोटी नवे व्हायरस तयार होतात, त्यामुळं बदल होत राहणारच. त्याच्या जाती ए पासून जे पर्यंत आहेत. भारतात डी आणि ए जास्त, सी पूर्वेकडं आणि ईशान्येकडं. आता डी जातीत एक बदल सहज होतो, १८९६ नंबरचं अक्षर बदलतं आणि व्हायरस ई अँटिजेन बनवायचंच थांबवतो, पण स्वतः मात्र वाढतच राहतो. ए जातीत त्या अक्षराची जोडी ज्या अक्षराशी असते तेच वेगळं असतं म्हणून तिथं हा बदल सहसा टिकत नाही. आपल्याकडं ई निगेटिव्ह असूनही लोड हजारांत-लाखांत आणि लिव्हर खराब होत चाललेले पेशंट एवढे दिसतात त्यामागं हे एक मोठं कारण आहे. ‘ई निगेटिव्ह आलंय म्हणजे आजार झोपलाय’ असं समजून वर्षानुवर्षं लोड न तपासलेली माणसं येतात आणि पोटात पाणी झालेलं असतं, फार वाईट वाटतं.

जातीचा परिणाम गोळीवर जवळपास नाही, इंटरफेरॉनवर मात्र आहे. पेगइंटरफेरॉनच्या, म्हणजे जास्त दिवस टिकणाऱ्या इंटरफेरॉनच्या, २००५ च्या मोठ्या ट्रायलमध्ये ई अँटिजेन जायचं प्रमाण ए जातीत ४७%, बी मध्ये ४४%, सी मध्ये २८% आणि डी मध्ये २५% होतं. म्हणून मी व्हायरसची जात कधी तपासायला सांगतो तर पेशंट तरुण आहे, सिरॉसिस नाही, एसजीपीटी चांगलं वाढलेलं आहे, लोड फार वर नाही आणि त्याला ४८ आठवड्यांत उपचार संपवून बघायची खरोखर इच्छा आहे तेव्हाच. आणि सुरू केलं तरी १२ व्या आठवड्यात रक्त बघतो. डी जातीच्या ई निगेटिव्ह पेशंटमध्ये तोवर एचबीएसएजी चा, म्हणजे व्हायरसच्या वरच्या आवरणातल्या प्रोटीनचा, आकडा अजिबात खाली आला नसेल आणि लोड दोन लॉगनं सुद्धा उतरला नसेल तर पुढं फायदा होत नाही, इंजेक्शन थांबवायचं. हा साधा नियम पेशंटच्या कुठल्याही जीन टेस्टपेक्षा जास्त कामाचा आहे. तुमच्या १७ कोटी लोडला मी इंटरफेरॉन सुचवणार नाही.

व्हायरसच्या जीन्समधली तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे रेझिस्टन्स. पूर्वी लॅमिव्हुडीन ही एकच गोळी असायची, स्वस्त, आणि ५ वर्षांत ७०% पर्यंत पेशंटमध्ये व्हायरस तिला दाद देईनासा व्हायचा. एन्टेकॅविरनं पहिल्यांदाच उपचार सुरू केला तर ५ वर्षांत रेझिस्टन्स साधारण १.२%, पण आधी लॅमिव्हुडीनला रेझिस्टन्स झालेल्या माणसाला तीच एन्टेकॅविर दिली तर ५ वर्षांत ५१%. कारण लॅमिव्हुडीनमुळं व्हायरसच्या यंत्रात जो बदल होतो तो एन्टेकॅविरची अर्धी वाट आधीच मोकळी करून ठेवतो. म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हा आहे: याआधी कधी, आठ-दहा वर्षांपूर्वी का असेना, या आजारासाठी कुठली गोळी घेतली होती का? जुनी चिठ्ठी, रिकामं पाकीट, काहीही सापडलं तर बघा. तसं असेल तर सरळ टेनोफोविरवर जायचं, त्यात टेस्टची वाट बघायची गरज नाही.

दुसरा प्रश्न, आणि मला जास्त शंका इथंच आहे. तुम्ही लिहिलंय की फाउंड्रीत शिफ्ट बदलत असते आणि गोळी ‘रात्री जेवण झालं की’ घेता. एन्टेकॅविर रिकाम्या पोटी घ्यायची असते, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या खाण्याच्या आधी दोन तास. भरल्या पोटी घेतली तर रक्तात पोचणारं औषध जवळपास पाचव्या हिश्श्यानं कमी होतं आणि सगळ्यात वरची पातळी तर निम्म्याच्या आसपास येते. रोज भाकरी-आमटी खाऊन वर गोळी घेणारा माणूस १४ महिने रोज थोडं कमी औषध घेतोय असं धरा, त्यात नाईट शिफ्टच्या आठवड्यात किती गोळ्या राहून जातात ते तुमचं तुम्हाला माहीत. हे मी रागानं विचारत नाही. राहून जात असतील तर खरं सांगा, कारण तुम्ही सगळ्या घेतल्या असं धरून मी पुढचा निर्णय घेतला तर तो चुकीच्या दिशेनं जाईल.

आता तुमच्या डॉक्टरांशी काय बोलायचं ते सांगतो. मागचे सगळे लोडचे रिपोर्ट एका कागदावर तारखेप्रमाणं लिहा. आकडा अजून खाली खाली येत असेल, समजा सहा महिन्यांपूर्वी ४० हजार होता आणि आता २,४००, तर गोळीची वेळ सुधारा आणि तीन-चार महिन्यांनी परत बघा, बदलायची घाई नको. तो एकाच ठिकाणी अडकून बसला असेल किंवा वर चढला असेल तर टेनोफोविरवर बदलणं योग्य. तुमच्या शिफ्टचा विचार करता तसंही टेनोफोविर सोयीचं पडेल, जुन्या टेनोफोविर डिसोप्रॉक्सिलला जेवणाचं बंधन नाही आणि नवीन अॅलाफेनामाइड तर जेवणासोबतच घ्यायचं असतं. टेनोफोविरला खरा म्हणावा असा रेझिस्टन्स ८ वर्षांच्या पाठपुराव्यातही सापडला नव्हता. लोड आपोआप वर चढत असेल तर व्हायरसची रेझिस्टन्स टेस्ट करता येते, पण लोड फार कमी असला की ती टेस्ट नीट लागत नाही हे लक्षात ठेवा.

थोरल्याबद्दल पण दोन गोष्टी. टेनोफोविर डिसोप्रॉक्सिल वर्षानुवर्षं घेताना किडनीवर लक्ष ठेवावं लागतं. कुणाला त्रास होणार यातही जीन्सचा थोडा भाग आहे, किडनीतून औषध बाहेर टाकणाऱ्या एबीसीसी२ सारख्या जीन्सवर एचआयव्हीच्या पेशंटमध्ये काम झालंय. पण तिथंही जीन तपासण्यापेक्षा क्रिएटिनीन, फॉस्फरस आणि लघवीतलं प्रोटीन वेळोवेळी बघणं जास्त खात्रीचं आणि खूप स्वस्त. त्याला शुगर-बीपी असेल किंवा गुडघ्यासाठी मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून खायची सवय असेल तर हे नक्की सांगा. दुसरं, लोड दिसत नाही म्हणून सोनोग्राफी थांबवू नका. चाळिशी पार केलेला आशियाई पुरुष, आई सिरॉसिसनं गेलेली, दर ६ महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी झालीच पाहिजे, सोबत एएफपी ही लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी केली तर चांगलंच. गोळीनं कॅन्सरचा धोका खूप कमी होतो पण शून्य होत नाही.

ते का, आणि गोळी मनानं बंद का करायची नाही, हे आपल्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे. ऊस तोडला तरी खोड जमिनीत राहतं आणि पाणी मिळालं की खोडवा फुटतो. या व्हायरसचं पण तसंच, तो लिव्हरच्या पेशीच्या केंद्रकात आपल्या डीएनएचं गोल कडं ठेवून देतो, गोळी वरचं सगळं तोडते पण त्या कड्याला हात लावत नाही. शिवाय त्याचे काही तुकडे आपल्या डीएनएत जाऊन घुसलेले असतात, त्यातून कॅन्सरचा धोका मागं राहतो. लोड ‘नॉट डिटेक्टेड’ आला म्हणून गोळी बंद करून कावीळ उतरवून घ्यायला किंवा झाडपाला प्यायला गेलेल्या माणसाचा आजार अचानक उसळतो, आणि लिव्हर आधीच कमकुवत असेल तर जीवावर बेततं. कृपा करून हे करू नका. गोळीवर असताना एचबीएसएजी पूर्ण जायचं प्रमाण वर्षाला फार तर १% आहे, तेव्हा लांबचा पल्ला आहे असंच धरून चला. आणि घरात बुरशी लागलेले, खवट शेंगदाणे असतील तर टाकून द्या, चटणीत पण घालू नका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले तर लिव्हर कॅन्सरचा धोका कित्येक पटीनं वाढतो.

आता तुमच्या पोरीचा प्रश्न. आई, थोरला, तुम्ही, तिघांना झालं म्हणजे हा घराण्यातला, रक्तातला दोष आहे असं तुम्हाला वाटतंय, आणि तुमच्या लिहिण्यातली काळजी मला कळते, उद्या सोयरीक जमवताना पाहुण्यांत कुणी काही बोललं तर काय ही भीती असते. पण हा आजार जीन्समधून उतरत नाही. तो बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तातून बाळाला लागतो, आणि एवढ्या लहान वयात लागला तर दहातल्या नऊ बाळांमध्ये कायमचा राहतो. तोच मोठेपणी लागला तर शंभरातल्या पंच्याण्णवांहून जास्त लोकांत आपोआप निघून जातो. एकाच घरात तिघांना असण्याचं कारण हे आहे. तुमची बायको निगेटिव्ह असेल तर पोरीला जन्मतः लागायचं कारण नाही. तरी घरात राहताना रक्ताचा संबंध येऊ शकतो म्हणून दोघींची एचबीएसएजी (आजार आहे का) आणि अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी अँटिबॉडी आहे का) ही रक्ततपासणी करा. पोरीला सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलंटमधून ही लस मिळालेली असेलच, कार्ड काढून बघा. बायकोनं घेतली नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी १० च्या वर आहे का ते बघायचं. नसेल आली तर मगाशी सांगितलेल्या एचएलए मुळं, वयामुळं किंवा वजनामुळं असं होऊ शकतं, घाबरायचं नाही, परत तीन डोस देतात आणि बऱ्याच जणांना तेव्हा येते. एका ताटात जेवल्यानं, एकाच पातेल्यातला रस्सा ओरपल्यानं, पोरीचा मुका घेतल्यानं हे पसरत नाही. ब्लेड, टूथब्रश, नेलकटर तेवढं वेगळं ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर २८ जुलै २०१८ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे, त्यात हिपॅटायटिस बी ची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन या कार्यक्रमाखाली नाव नोंदवायची चौकशी करा, दोघं भाऊ एकत्रच जा. जीन पॅनलसाठी जमवलेल्यातले थोडे पैसे फायब्रोस्कॅनला वापरा, लिव्हर किती कडक झालंय ते त्यात कळतं, आणि तुमच्या दोघांच्याही रिपोर्टमध्ये मला तो कुठं दिसला नाही. ७ किलोपास्कलच्या वर आकडा आला तर लिव्हरमध्ये व्रण धरायला लागलेत असं समजतात, १२.५ च्या वर सिरॉसिसची शक्यता.

आणि तुमच्या पत्रात एक ओळ मला सगळ्यात जास्त टोचली, ‘बहीण गडहिंग्लजला दिलीय, तिला काही त्रास नाही म्हणून तपासलं नाही.’ तीही त्याच आईच्या पोटची आहे. या आजारात वीस-तीस वर्षं काहीही त्रास होत नाही, तुम्हाला तरी कुठं होता? तिची एचबीएसएजी या आठवड्यात करा. पॉझिटिव्ह आली तर तिच्या मुलांचीही करा. आणि तिला पुढं मूल व्हायचं असेल तर गरोदरपणात लोड बघावा लागेल, तो २ लाखाच्या वर असेल तर उशिरात उशिरा २८ व्या आठवड्यापासून टेनोफोविर, आणि बाळ जन्मल्यावर २४ तासांच्या आत लसीचा पहिला डोस आणि इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन. बाळंतपण जिथं होणार तिथं ते इंजेक्शन आधीच आणून ठेवायला सांगायचं, कारण आयत्या वेळी रात्री-अपरात्री शोधत फिरावं लागतं आणि ते २४ तास हातचे निघून जातात.